वेड्या बाभळीची लेखणी

स्वस्तातले पेन संपले की आपण ते केरात टाकतो. त्यामुळे पेन ही हाताने घडविण्याचीही वस्तू आहे, हे आपण विसरत चाललो आहोत. आज आम्ही वाचक बंधू-भगिनींना वाळवंटी झाडांच्या लाकडापासून पेन घडविण्याच्या कलेची ओळख करून देत आहोत.

अमेरिकेतील ॲरिझोना राज्यात चोया नावाचे निवडुंग आहे. ते मेले की गर कुजून जातो आणि आत जाळीसारखे पोकळ लाकूड उरते. तेथील कारागीर या जाळीच्या भोकांत रंगीत रेझिन ओततात व ते घट्ट झाल्यावर लेथवर चढवून पेन बनवितात. त्याच मुलखातील मेस्क्वीट या काटेरी झाडाचे लाकूडही ते वापरतात.

या मेस्क्वीटच्या कुळातलेच एक झाड आपल्याकडे आहे, ते म्हणजे वेडी बाभूळ. मूळची तीही अमेरिका खंडातली. आपल्यापैकी अनेकांची गावे सोलापूर, मराठवाड्याच्या कोरडवाहू भागात आहेत. तेथे तिची किंमत सरपण आणि कोळसा एवढीच! पण तिचे आतले लाकूड तांबूस-तपकिरी, कठीण आणि सुकताना फार न आकसणारे असते. पेनाला हेच गुण लागतात.

पेन बनविण्याची रीत अशी. पूर्ण वाळलेल्या लाकडाचा वीतभरापेक्षा लहान, पाऊण इंच जाडीचा तुकडा घ्यावा. त्याचे दोन भाग करून मधोमध सात मिलिमीटरचे भोक पाडावे. त्यात पितळी नळी चिकटवावी. मग लेथवर फिरवून आकार द्यावा, पॉलिश पेपरने घासावे आणि लाख किंवा मेण लावावे. टोक, क्लिप व रिफिल यांचा तयार संच मिळतो, तो शेवटी दाबून बसवावा. लाकूड ओले राहिले तर पेन पुढे तडकते.

घोडबंदर रोडच्या वाचकांना हे सांगण्यास कारण आहे. कोलशेत-बाळकुम भागातील कारखान्यांच्या जागी टॉवर उभे राहिले. लेथवर आयुष्य घालविलेले टर्नर घरी बसले. त्यांच्या हातातले कसब मात्र गेलेले नाही. फरक एवढाच, की धातूच्या लेथवर हत्यार बांधलेले असते, लाकडाच्या लेथवर ते हातात धरावे लागते. थोड्या सरावाने हे जमते. आयटीआयमध्ये टर्नर ट्रेड शिकणाऱ्या मुलामुलींनाही हा जोडधंदा होऊ शकेल.

मात्र काही पथ्ये पाळावीत. येऊरचे जंगल राष्ट्रीय उद्यानात येते, तेथील काडीही आणू नये. गावाकडचे लाकूड किंवा सुताराकडचे उरलेले तुकडे पुरेसे आहेत. लाकडाची बारीक धूळ छातीत जाते, म्हणून मास्क आणि चष्मा हवाच. ज्या खोलीत स्वयंपाक होतो, लेकरे झोपतात, तेथे लेथ लावू नये आणि रेझिनही ओतू नये.

दुसरी गोष्ट हिशेबाची. सरावलेल्या हातालाही एका पेनाला तासभर लागतो. संच, वीज, पॉलिश पेपर आणि तडकून वाया गेलेले तुकडे, हे सारे वहीत मांडावे. त्यात आपल्या तासाची मजुरीही धरावी. घरचेच काम म्हणून श्रम फुकट धरले, तर धंदा चालल्यासारखा दिसतो आणि घर चालत नाही. आधी पाच-दहा पेने करून ओळखीत विकून पाहावीत, मगच मोठ्या यंत्रासाठी कर्ज काढण्याचा विचार करावा.

हार-फुलांऐवजी एक वही, एक पेन द्यावे, ही प्रथा आपल्याकडे रुजत आहे. गरजू मुलांना रोजच्या वापराचे साधे पेनच द्यावे, ते पुष्कळांना पुरते. पण दहावी पास झालेल्या लेकीला किंवा निवृत्त होणाऱ्या सहकाऱ्याला भेट देताना आपल्याच वस्तीतल्या कारागिराचे पेन आठवावे आणि भाव करताना त्याचा तास विसरू नये, एवढीच आमची विनंती.