खिशातला सौर चार्जर : घेण्यापूर्वी पन्हा मोजा

मोबाइल आता चैनीची वस्तू राहिलेली नाही. शेतकऱ्याची ई-पीक पाहणी मोबाइलवर, दुकानदाराची उधारी-वसुली मोबाइलवर, बँकेचा संदेश मोबाइलवर आणि ऊसतोडीला दूर कारखान्यावर गेलेल्या लेकरांची खबरबातही मोबाइलवरच. बॅटरी उतरली की ही सगळी कामे एकदम अडतात. वालूर, सेलू, जिंतूर या पट्ट्याला विजेचे जाणे-येणे नवीन नाही. ऊन मात्र वर्षातले आठ-नऊ महिने मुबलक. साहजिकच उन्हावर चालणाऱ्या छोट्या चार्जरकडे लोकांचे लक्ष जाते. पण या मालात डब्यावरचे आकडे एक बोलतात आणि माल दुसरेच करतो. हजार-दोन हजारांची रक्कम मजुराच्या घरात लहान नसते. म्हणून वाचक बंधूंनी खरेदीआधी थोडा हिशेब करावा, यासाठी हा लेख.

झरा वेगळा, हौद वेगळा

बाजारात दोन प्रकारचा माल आहे. एक म्हणजे पॉवर बँक, जिच्या पाठीवर लहानशी सौर काच बसवलेली असते. दुसरा म्हणजे पुस्तकासारखा उलगडणारा सौर पत्रा. त्यात बहुधा बॅटरी नसते, ऊन असेपर्यंतच तो वीज देतो.

आमच्या वालूरच्या जुन्या बारवा ज्यांनी पाहिल्या आहेत त्यांना हा फरक समजावून सांगावा लागणार नाही. बारव कितीही खोल बांधा, झरा बारीक असेल तर ती भरायला दिवसच्या दिवस जातात. बॅटरी हा हौद आणि सौर पत्रा हा झरा. डब्यावर ठळक छापलेला १०,००० किंवा २०,००० एम.ए.एच. हा आकडा फक्त हौदाचा आहे. झऱ्याचा आकडा वॅटमध्ये असतो आणि तो बारीक अक्षरात असतो, किंवा नसतोच.

पन्ह्यावरून वॅट ओळखा

कापड घेताना आपण आधी पन्हा पाहतो. इथेही तेच करावे. भर उन्हात एक चौरस मीटर जागेवर सुमारे १,००० वॅट इतकी ऊर्जा पडते. १९५४ साली अमेरिकेच्या बेल प्रयोगशाळेने सिलिकॉनचा पहिला उपयोगी सौर घट दाखवला तेव्हा त्यातली जेमतेम ६ टक्के वीज हाती लागत होती. आज चांगला माल २० ते २२ टक्के देतो. म्हणजे साधारण ५० चौरस सेंटीमीटरला १ वॅट, एवढे सूत्र लक्षात ठेवले तरी पुरे.

आता पॉवर बँकेच्या पाठीवरची काच मोजा. ७ सेंटीमीटर रुंद, १४ सेंटीमीटर लांब. झाले २ वॅट, तेही कागदावर. उष्णता, धूळ, उन्हाचा कल आणि तारेतली गळती धरून हाती ६०-६५ टक्केच येतात. दिवसाचे पाच तास चांगले ऊन धरले तरी साडेसहा वॅट-तास जमतात. १०,००० एम.ए.एच.च्या बॅटरीत ३७ वॅट-तास मावतात. म्हणजे ती केवळ उन्हावर भरायला सहा-सात दिवस!

याउलट २० वॅटचा पत्रा घ्या. त्याच्या सौर काचा मिळून १,००० चौरस सेंटीमीटर, म्हणजे २५ बाय ४० इतक्या भरल्याच पाहिजेत. वहीच्या एका पानाएवढ्या काचेवर कोणी २० वॅट सांगत असेल तर तो सौदा सोडावा. खरा २० वॅटचा पत्रा भर दुपारी १२-१३ वॅट देतो. ५,००० एम.ए.एच.चा मोबाइल भरायला गळतीसह २५ वॅट-तास लागतात. ते काम दोन तासांत होते.

दुकानातच पारख

पत्रा दुकानाबाहेर उन्हात नेऊन लावून पाहावा. यू.एस.बी.चे छोटे मीटर स्वस्तात मिळते. त्यावरचे व्होल्ट आणि अँपिअर गुणले की वॅट समजतात. मग पत्र्यावर क्षणभर हात धरून सावली करावी आणि काढावी. ढग सरल्यावर चार्जिंग आपोआप सुरू झाले पाहिजे; हलक्या मालात ते बंदच पडून राहते. काचेवरचा थर, शिलाई आणि तारेचा जोड पाहावा. साध्या प्लास्टिकचा थर उन्हाने पिवळा पडतो. पॉवर बँकेवर भारतीय मानक ब्युरोचा, ‘आर’ अक्षराने सुरू होणारा नोंदणी क्रमांक असावा. आणि पक्के बिल घेतल्याशिवाय हमीला अर्थ नाही.

दुरुस्तीचाही विचार करावा. मुंबईच्या आय.आय.टी.ने २०१४ च्या सुमारास महाराष्ट्रासह काही राज्यांत खेड्यांतील विद्यार्थ्यांसाठी सौर दिव्यांची मोठी योजना राबवली. दिव्यांची जोडणी, विक्री आणि दुरुस्ती स्थानिक लोकांनाच शिकवायची, हे तिचे मर्म होते. तुटलेली तार सेलूला किंवा परभणीला जोडून मिळेल असा माल, दुरून मागवलेल्या बंद डब्यापेक्षा कधीही बरा.

उन्हाळ्याची खबरदारी

ऊन जास्त तेवढी वीज जास्त, हा समज अर्धाच खरा आहे. सौर काच तापली की २५ अंशांच्या वर दर अंशाला तिची वीज साधारण ०.३ ते ०.४ टक्का घटते. त्याहून महत्त्वाचे म्हणजे लिथियम बॅटरी ४५ अंशांच्या वर चार्ज करू नये. मे महिन्यात आपल्याकडे सावलीतला पारा ४२-४३ ला जातो. उन्हात ठेवलेली पॉवर बँक त्याहून कितीतरी तापते. ती फुगते आणि पेटूही शकते. म्हणून पत्रा उन्हात, मोबाइल व बॅटरी लांब तारेने सावलीत. पाठीवर काच असलेल्या पॉवर बँकेत मुळात हीच अडचण आहे : काचेला ऊन हवे, बॅटरीला सावली हवी, आणि दोघी एकाच डब्यात.

कोणी काय घ्यावे?

घरात रोज काही तास तरी वीज असेल तर सौर चार्जरची गरज नाही. साधी, नोंदणीकृत पॉवर बँक घ्यावी आणि वीज असताना भरून ठेवावी. बाजार करणाऱ्या व्यापाऱ्यालाही तीच पुरते.

ज्यांचे दिवस विजेपासून दूर जातात, म्हणजे फडावर कोपीत राहणारी ऊसतोड कुटुंबे, मेंढपाळ, आखाड्यावर मुक्काम करणारे शेतकरी, त्यांनी १५ ते २० वॅटचा उलगडणारा पत्रा आणि वेगळी पॉवर बँक घ्यावी. दिवसा हौद भरावा, रात्री वापरावा. तीन-चार कुटुंबांनी मिळून एक जोडी घेतली तर खर्चही वाटला जाईल. उन्हाळ्यात असा पत्रा दिवसाला दोन मोबाइल सहज भरतो. पावसाळ्यात मात्र निम्म्याचीही खात्री धरू नये.

बाजारात जाताना खिशात पैशांबरोबर एक फुटपट्टी ठेवावी. डब्यावर काहीही छापता येते. काचेची लांबी-रुंदी मात्र कोणालाही मोजता येते.