भाताचा चीन, गव्हाचा चीन

संध्याकाळी चौकात ज्या लाल गाड्या लागतात, त्यांच्यावर एकच शब्द ठळक अक्षरांत असतो : ‘चायनीज’. ट्रिपल शेजवान, मंचुरियन, चायनीज भेळ. यातली भेळ चीनमध्ये कुणाला सांगून कळणार नाही, आणि मंचुरियनचा जन्म मुंबईतला. त्याबद्दल माझी काही तक्रार नाही, गाडीवरचे गरम नूडल्स मलाही आवडतात. पण या एका शब्दामुळे असा समज होतो की चीनमध्ये सगळे सारखेच खातात. ‘मुसलमानांचे जेवण’ म्हटले की लोकांना फक्त बिर्याणी आठवते, तशातलाच हा प्रकार. रमजान सुरू झाला की स्टाफरूममध्ये ‘सर, बिर्याणी कधी?’ हा प्रश्न येतोच. कोकणी मुसलमानाच्या घरचे सांदण आणि तांदळाची भाकरी मात्र कुणी मागत नाही.

चीनच्या खाण्यातले फरक समजून घ्यायला एक सोपी वाट आहे, ती म्हणजे तिथल्या हुई मुसलमानांचे स्वयंपाकघर. चीनमध्ये सरकारने मान्यता दिलेले दहा मुस्लिम समाज आहेत. त्यांतल्या हुईंची संख्या एक कोटीच्या वर आहे. ते चिनी भाषाच बोलतात आणि जवळजवळ प्रत्येक प्रांतात राहतात. त्यांच्या खानावळीवर ‘छिंगझन’ ही दोन चिनी अक्षरे असतात. शब्दशः अर्थ ‘शुद्ध आणि सत्य’, व्यवहारात अर्थ ‘हलाल’. या पाटीची गरज तिथे फार, कारण चिनी माणूस नुसते ‘मांस’ म्हणतो तेव्हा त्याला बहुधा डुकराचे मांस म्हणायचे असते. गायीचे किंवा मेंढीचे असेल तर तसे वेगळे सांगावे लागते. डुक्कर वर्ज्य ही एक अट सगळ्या हुईंना सारखी. बाकी चूल त्या त्या मुलखाची.

आधी मुलूख पाहू. चीनच्या नकाशावर छिन्लिंगचे डोंगर आणि ह्वाई नदी यांना जोडणारी एक आडवी रेघ भूगोलाच्या पुस्तकांत हमखास दाखवतात. रेघेच्या दक्षिणेला वर्षाला साधारण ८०० मिलिमीटरपेक्षा जास्त पाऊस पडतो आणि भाताची खाचरे असतात. उत्तरेला पाऊस कमी, थंडी कडक, तिथे गहू आणि बाजरीसारखी भरड धान्ये. आपल्याकडे सह्याद्री ओलांडला की भात मागे पडतो आणि भाकरी सुरू होते, तसेच हे. वर्षातल्या सर्वांत लहान दिवशी, म्हणजे डिसेंबरच्या २१-२२ तारखेला, उत्तरेतली घरे गव्हाच्या पारीत सारण भरून च्याओझ करतात (मोदकाऐवजी करंजीचा आकार डोळ्यांसमोर आणा), तर दक्षिणेत चिकट तांदळाच्या पिठाचे गोळे गोड पाण्यात शिजतात. दिवस एकच, पीठ वेगळे. नूडल्ससुद्धा उत्तरेत गव्हाच्या आणि दक्षिणेतल्या युन्नान, ग्वांगशीकडे बहुतेक तांदळाच्या.

आता गव्हाच्या मुलखातली तीन शहरे घेऊ. शीआन ही जुनी राजधानी, रेशीम मार्गाचे एक टोक. तिथल्या मोठ्या मशिदीला कौलारू छपरे आणि चिनी अंगणे आहेत, आपल्याला ओळखीचा घुमट तिथे दिसत नाही. मशिदीच्या आसपासच्या गल्ल्यांत ‘यांगरो पाओमो’ मिळते. गिऱ्हाइकापुढे आधी रिकामा वाडगा आणि जाडसर, घट्ट रोटी येते. ती रोटी आपणच हरभऱ्याच्या दाण्याएवढी बारीक मोडायची. घाई चालत नाही, मोठे तुकडे केले तर ते आत कोरडे राहतात. मग मोडलेल्या रोटीचा वाडगा नंबर लावून आत जातो आणि मेंढीच्या रश्श्यात शिजून परत येतो. जोडीला साखरेच्या पाकात मुरवलेला लसूण. रश्श्यात भाकरी कुस्करून खाणाऱ्या कोल्हापुरी माणसाला हे काही शिकवावे लागणार नाही. फक्त आपण मोडतो ती शिजलेल्या रश्श्यात, ते मोडतात शिजवण्याआधी.

तिथून पश्चिमेला पिवळ्या नदीकाठचे लानझोऊ. इथले लोक सकाळी न्याहारीला गोमांसाच्या रश्श्यातल्या नूडल्स खातात. ज्या रूपात ही थाळी आज ओळखली जाते, तिचे श्रेय मा बाओझी या हुई आचाऱ्याला देतात आणि साल सांगतात १९१५. तिची परीक्षा पाच रंगांनी होते : रस्सा नितळ, मुळा पांढरा, मिरचीचे तेल लाल, कोथिंबीर आणि लसणाची पात हिरवी, नूडल्स पिवळसर. कणकेचा गोळा हातांनी ताणायचा, दुमडायचा, पुन्हा ताणायचा, असे करत काही मिनिटांत एका गोळ्याच्या शेकडो तारा होतात. कणीक न तुटता एवढी ताणली जाते ती क्षारामुळे. पूर्वी त्या कोरड्या प्रदेशातली एक वनस्पती जाळून तिच्या राखेपासून हा क्षार काढत. आपला पापडखार आठवा, काम तेच. आणि ईदच्या शीरखुर्म्यासाठी ज्यांच्या आजीने हातशेवया केल्या आहेत, त्यांना कणीक ‘आली’ की नाही हे बोटांना कसे कळते ते सांगायची गरज नाही.

बीजिंगची तऱ्हा आणखी निराळी. तिथे मधोमध कोळशाचे धुराडे असलेले तांब्याचे भांडे टेबलावर येते. साध्या उकळत्या पाण्यात मेंढीच्या मांसाचे कागदासारखे पातळ काप काही क्षण बुडवायचे आणि तिळाच्या दाट चटणीत घोळवून खायचे. या पदार्थासाठी नावाजलेले ‘दोंगलाईशुन’ १९०३ साली एका हुई कुटुंबाने सुरू केले, आणि तिथे जेवणारे बहुसंख्य लोक मुसलमान नसतात. मिरचीचे नाव नाही, मसाला नाही. आपल्या जिभेला हे आजाऱ्याचे जेवण वाटेल. उत्तर चीनमधल्या हिवाळ्यात ते उबेचे जेवण आहे.

आपल्या गाडीवरच्या ‘शेजवान’चे मूळ गाव सिचुआन. नैऋत्येकडचा हा दमट, ढगाळ खोलगट प्रदेश. तिथली खरी चव नुसती तिखट नाही, ती तिखट अधिक झिणझिणी आहे. जीभ आणि ओठ बधिर करणारे त्यांचे ‘ह्वाज्याओ’ म्हणजे आपल्या तिरफळाचे सख्खे भावंड, दोन्ही एकाच वनस्पतीकुळातल्या एकाच गणातली. मालवणी बांगड्याच्या आमटीतले तिरफळ चावले गेल्यावर जे होते, तेच चेंगदूत रोज होते. मिरची मात्र तिथे पाहुणी. अमेरिका खंडातून ती सोळाव्या शतकात आशियात आली. पोर्तुगीजांमार्फत गोव्यात उतरली आणि त्याच शतकाच्या अखेरीस चीनच्या किनाऱ्यावर पोहोचली. त्याआधी सिचुआनमध्ये ह्वाज्याओ होते, मिरची नव्हती. कोकणातही तिरफळ होते, मिरची नव्हती. ‘आमचे पारंपरिक तिखट’ म्हणताना दोन्हीकडच्या लोकांनी हे लक्षात ठेवायला हरकत नाही. आपल्या शेजवान चटणीत तिरफळासारखे काहीच नसते, हे जाता जाता.

दक्षिणेत ग्वांगझोऊला गेलात तर तिखट जवळजवळ संपते. तिथे अख्खा मासा वाफेवर शिजवायचा, वर आले, कांद्याची पात आणि थोडा सोया. ताज्या माशाला मसाला लावणे म्हणजे तो शिळा असल्याची कबुली देणे, अशी तिथली समजूत. सकाळी कुटुंबे चहाला जमतात आणि बांबूच्या डब्यांतून वाफाळते छोटे पदार्थ एकेक करून येत राहतात. अरब व्यापारी या बंदरात तांग राजवटीपासून येत होते. पण तिथली जुनी मुस्लिम घरे अरबी खात नाहीत, ग्वांगझोऊचे खातात.

पश्चिमेला शिनजियांगात सगळेच बदलते. उइघुरांचा तंदूर ‘तोनूर’, रोटी ‘नान’, आणि मेंढीचे मांस व गाजर घातलेला ‘पोलो’ म्हणजे आपल्या पुलावाचाच चुलतभाऊ. चिनी भाषेत पोलोला ‘हाताने उचलायचा भात’ म्हणतात. चॉपस्टिक्सच्या देशात हे नावच पुरेसे बोलके आहे. जेवणाच्या वेळाही वेगळ्या. एवढ्या रुंद देशात सरकारी घड्याळ एकच, बीजिंगचे. त्यामुळे इथल्या कचेऱ्यांत दुपारचे जेवण दोनच्या आसपास होते आणि जूनमध्ये काशगरला सूर्य मावळतो तेव्हा सरकारी घड्याळात रात्रीचे दहा वाजून गेलेले असतात. रमजान उन्हाळ्यात आला की इफ्तार त्या वेळी.

या इफ्तारवरही सरकारची नजर आहे. २०१४ आणि २०१५ मध्ये शिनजियांगमधल्या सरकारी संकेतस्थळांवरच सूचना होत्या : सरकारी नोकर, शिक्षक आणि विद्यार्थ्यांनी रोजे ठेवू नयेत, खानावळी नेहमीच्या वेळी उघड्या ठेवाव्यात. २०१९ मध्ये बीजिंगच्या हलाल दुकानांना पाट्यांवरचा अरबी मजकूर काढायला सांगितल्याचे रॉयटर्सने वृत्त दिले. ‘छिंगझन खाना परका आहे’ असा यामागचा सूर. लानझोऊच्या नूडल्स आणि शीआनचा पाओमो खाल्लेल्या माणसाला हे पटणे कठीण. एवढे चिनी दुसरे काय असणार?

आग्नेय किनाऱ्यावर क्वानझोऊजवळ चेंदाई हे गाव आहे. तिथले दिंग घराणे जुन्या मुस्लिम व्यापाऱ्यांचे वंशज. पिढ्यान्‌पिढ्यांत नमाज सुटला, रोजे सुटले, आणि बहुतेकजण शेजाऱ्यांसारखेच डुकराचे मांस खाऊ लागले. पूर्वजांच्या पूजेचा दिवस आला की मात्र कुलगृहात मांडलेल्या नैवेद्यात डुकराचे मांस ठेवत नाहीत. आपल्याकडे पितरांच्या पानात काय वाढायचे आणि काय नाही, यावर थोरल्या काकूंचे बारीक लक्ष असते. चेंदाईतही या पानाचा नियम घरातली मोठी माणसेच सांभाळत आली आहेत.