खुंटीचे छिद्र (तंतुवाद्य)

खुंटीचे छिद्र म्हणजे तानपुरा, सतार इत्यादी तंतुवाद्यांच्या दांडीत खुंटी बसविण्यासाठी पाडलेले निमुळते भोक होय. या वाद्यांत खुंटी केवळ घर्षणाने जागेवर राहते. त्यामुळे वाद्याची स्वरस्थिरता बऱ्याच अंशी या छिद्राच्या अचूकतेवर अवलंबून असते. सांगली जिल्ह्यातील मिरज हे शहर अशा वाद्यांच्या निर्मितीसाठी प्रसिद्ध आहे.

मिरजेतील परंपरा

मिरज संस्थानात १९व्या शतकाच्या मध्यास शस्त्रांना धार लावणाऱ्या शिकलगार कारागिरांनी तंतुवाद्ये घडविण्यास आरंभ केला. त्यांत फरीदसाहेब सतारमेकर यांचे नाव अग्रक्रमाने घेतले जाते. मिरजेची सतार आणि मिरजेचा तानपुरा यांना २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले.

मांडणी

तानपुऱ्याला सामान्यतः चार खुंट्या असतात : दोन दांडीच्या दर्शनी भागावर आणि एकेक दोन्ही बाजूंस. यांच्या तारा दांडीच्या बाहेर, खुंटीच्या दांड्यावर गुंडाळल्या जातात. सतारीला मुख्य तारांच्या सहा किंवा सात खुंट्या असतात. तरफांच्या ११ ते १३ लहान खुंट्या दांडीच्या कडेला ओळीने बसवतात. तरफेची तार दांडीच्या दर्शनी भागावरील बारीक भोकातून आत शिरून खुंटीपर्यंत पोहोचते. तारेने लाकूड कापले जाऊ नये म्हणून त्या भोकात हाडाची किंवा प्लॅस्टिकची छोटी नळी बसवितात. अशा रीतीने एका सतारीच्या दांडीत चाळीसच्या आसपास भोके पडू शकतात.

छिद्र पाडण्याची पद्धत

छिद्रांच्या जागा आधी आखून घेतात. पूर्वी सामता किंवा गिरमिट वापरीत. आता विजेचे ड्रिल वापरले जाते. प्रथम लहान, सरळ भोक पाडून ते निमुळत्या रीमरने हळूहळू मोठे करतात. खुंटी वारंवार बसवून पाहणे आवश्यक असते, कारण उतार सौम्य असल्याने थोडे लाकूड जास्त निघाले तरी खुंटी बरीच आत जाते. उदाहरणार्थ, व्हायोलिनच्या खुंटीचा प्रचलित उतार १:३० आहे. तेथे भोक १ मिलिमीटरने रुंदावल्यास खुंटी ३० मिलिमीटर आत सरकेल.

खुंटी आणि छिद्र यांचा उतार सारखा नसल्यास खुंटी एकाच कडेवर टेकते व तारेच्या ताणाने सुटते. ड्रिल बाहेर पडताना लाकडाची कपची उडू नये म्हणून मागे लाकडाचा तुकडा दाबून धरतात.

लाकूड आणि हवामान

लाकूड तंतूंच्या आडव्या दिशेने अधिक आणि लांबीच्या दिशेने अत्यल्प आकुंचन पावते. दांडीचे तंतू लांबीच्या दिशेने असतात. त्यामुळे ओल्या लाकडात पाडलेले गोल भोक वाळल्यावर लंबगोल होते. म्हणून दांडीचे लाकूड पुरते वाळवूनच छिद्रे पाडतात. पावसाळ्यात लाकूड फुगून खुंटी घट्ट होते, तर कोरड्या हवेत ती सैल पडते. सैल खुंटीला खडू लावून पकड वाढविता येते. छिद्र फारच झिजल्यास ते लाकडाने बुजवून पुन्हा पाडतात किंवा जाड खुंटी बसवितात.

विद्युत गिटारशी तुलना

विद्युत गिटारमध्ये आवाज व स्वरपोत नियंत्रित करणाऱ्या पोटेन्शिओमीटरसाठीही भोके पाडावी लागतात. त्यांतील प्रचलित मोठ्या प्रकारासाठी भोकाचा व्यास सुमारे ३/८ इंच (९.५ मिलिमीटर) असतो. हे भोक सरळ असते. पोटेन्शिओमीटर नट आणि वॉशरने आवळला जात असल्याने भोक किंचित मोठे झाले तरी चालते व चूक वॉशरखाली झाकली जाते. खुंटीच्या छिद्राला अशी सवलत नसते. तेथे लाकडाची पकड हाच एकमेव आधार असतो.