पळावे की फेकावे?

अमेरिकेतल्या कॉलेजांत ज्याला फुटबॉल म्हणतात, त्यात पायापेक्षा हातालाच काम अधिक! चेंडू लांबट असतो. तो बगलेत मारून पळायचे, नाही तर पुढच्या साथीदाराकडे फेकायचा. चार प्रयत्नांत दहा यार्ड मजल मारली, तरच चेंडू आपल्याकडे राहतो. मग पळावे की फेकावे? प्रशिक्षकांची झोप उडवणारा प्रश्न हाच.

आरंभी हा प्रश्नच नव्हता, कारण पुढे फेकण्यास मनाई होती. खेळाडूंची झुंड समोरच्या झुंडीवर तुटून पडे. १९०५च्या एकाच हंगामात किमान १८ खेळाडू, बहुतेक शाळा-कॉलेजांतली पोरे, प्राणांस मुकले! अध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी हंगाम चालू असतानाच बड्या विद्यापीठांच्या प्रतिनिधींना बोलावून कानउघाडणी केली. १९०६ साली नियम बदलले आणि फेकीस मुभा मिळाली. मैदानभर खेळाडू पांगावेत, गर्दी फुटावी, हा हेतू. अपघात मात्र एकदम थांबले नाहीत. १९१० साली नियमांना पुन्हा हात घालावा लागला.

फेकीचे खरे मोल कळले १९१३ साली. नोत्र दाम विद्यापीठाचे गस डोरे आणि नूट रॉकनी हे दोघे उन्हाळी नोकरीसाठी ईरी सरोवराकाठी गेले होते. फावल्या वेळी तिथल्या वाळूत त्यांनी फेक-झेलीचा सराव केला. १ नोव्हेंबरला बलाढ्य आर्मी संघाशी गाठ पडली. मध्यंतराला गुण होते १४-१३. फेकी अडवण्यासाठी आर्मीचे गडी मागे पांगले, तोच धिप्पाड आयकेनलाउब चेंडू घेऊन मधूनच मुसंडी मारू लागला. अखेर नोत्र दाम ३५-१३ने जिंकले.

यातच सारे मर्म आहे. तोल म्हणजे निम्मे पळणे आणि निम्मे फेकणे नव्हे. माइक लीच यांचा टेक्सास टेक संघ २००० ते २००९ या काळात बहुधा फेकतच असे. उलट आर्मीचा संघ वर्षानुवर्षे पळण्यावरच भिस्त ठेवून आहे. पण 'हे दुसरेही करतील' ही धास्ती प्रतिपक्षाला हवी. म्हणून तर चेंडू पळणाऱ्याच्या हाती दिल्याची हूल देऊन ऐन वेळी फेकतात. रक्षक पुढे धावून येतात आणि चेंडू त्यांच्या डोक्यावरून निघून जातो!

मुलांचे जीव वाचावेत म्हणून ज्या फेकीला मुभा मिळाली, तिनेच पळणाऱ्यालाही वाट मोकळी करून दिली, ती अशी.