रुद्धपथ कामला, पित्तनलिका आणि यकृतकाठिण्य

तिळाच्या पिठासारखा पांढुरका मल हे रुद्धपथ कामलेचे चरकोक्त लक्षण प्रत्येक वैद्यास ठाऊक आहे. मार्ग अडल्यावर यकृतात काय घडते, हेही औषधयोजनेपूर्वी ध्यानी घ्यावे. पित्त तुंबले की नलिकांच्या अस्तरातील पेशी वाढू लागतात व टीजीएफ-बीटासारखी संदेशद्रव्ये स्रवतात. त्यायोगे यकृतातील तारकापेशी चेतवल्या जाऊन कोलॅजनचे तंतू साचतात. यकृतकाठिण्य येते ते पुढे यातूनच.

मज्जातंतूंचाही यात सहभाग असतो. पित्तनलिका बांधलेल्या उंदरांत व्हेगस मज्जातंतू छेदल्यावर नलिकापेशींची वाढ मंदावली, असे १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात आढळले. सिंपथेटिक मज्जातंतूंतील नॉरॲड्रेनॅलिन तर थेट तारकापेशींना उत्तेजित करते. येथे वाताचे प्रेरकत्व आठवणे स्वाभाविक आहे. समीकरण मांडण्याची घाई मात्र नको.

गगनबावड्याहून कोल्हापूर सुमारे ५५ किलोमीटर, म्हणून रुग्ण पाठविण्याचा निर्णय येथे लवकरच व्हावा. विशेषतः चौदा दिवसांनंतरही कावीळ व पांढरा मल असलेले अर्भक भुईआवळीच्या रसावर ठेवू नये. पित्तनलिका जन्मतः बुजलेली असल्यास कासाई शस्त्रक्रिया साठ दिवसांच्या आत झाली तर यशाची शक्यता अधिक असते. औषधालयचालकांनीही काविळीची बाटली देण्यापूर्वी मलाचा रंग अवश्य विचारावा.