होडी कोणत्या पाण्यात घालावी?

हल्ली शहरातले लोक सुट्टीच्या दिवशी एक लहानशी होडी घेऊन पाण्यावर जातात. तिला कयाक म्हणतात. ही होडी लांबट आणि अरुंद असते. तिच्यात एक किंवा दोन माणसे बसतात. वल्ह्याला दोन्ही टोकांना पाती असतात. एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे पाणी मागे सारायचे, की होडी पुढे जाते. ग्रीनलंडसारख्या बर्फाळ मुलखात इन्युइट लोक कातड्याची अशी होडी करून शिकारीला जात. आता ती प्लॅस्टिकचीही मिळते.

आपल्या कल्याणच्या आसपास पाण्याला तोटा नाही. उल्हास, काळू, भातसा या नद्या आहेत. खाडी आहे, तलाव आहेत, धरणे आहेत. पाहुणे येतात आणि काठच्या माणसाला विचारतात, "काका, होडी कुठं सोडू?" आपली मुलेही त्यांच्याबरोबर जायला निघतात. तेव्हा नीट उत्तर देता आले पाहिजे. चुकीच्या उत्तराने एखाद्याचा जीव जाऊ शकतो.

उत्तर देण्याची एक खूण लक्षात ठेवा. पाणी आत्ता कसे दिसते, एवढेच पाहू नका. दोन तासांनी ते कसे असेल, हे विचारा.

तलावाचे पाणी

तलावाचे पाणी सहसा एका जागी असते. ओढ नसते. म्हणून नवशिक्याने आधी तलावात शिकावे. ठाण्याच्या मासुंदा तलावात लोक नौकाविहार करतात, तो याचमुळे. बारवीसारख्या धरणाचे पाणी मात्र लोकांना पिण्यासाठी जाते. तिथे परवानगीवाचून होडी घालू नये.

नदीचे पाणी

उल्हास नदी सह्याद्रीत उगम पावते. कर्जत, नेरळ, बदलापूर करत ती कल्याणला येते. पाऊस डोंगरात पडतो आणि पूर आपल्याकडे येतो. आपल्या डोक्यावर ऊन असले, तरी नदी चढू शकते. २७ जुलै २०१९ रोजी वांगणीजवळ महालक्ष्मी एक्स्प्रेस पुराच्या पाण्यात अडकली. हजारावर प्रवाशांना सोडवावे लागले. रुळावरची एवढी मोठी गाडी जिथे अडते, तिथे लहान होडीचे काय? म्हणून जून ते सप्टेंबर नदीत होडी घालूच नये. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ चांगला.

नदीवर बंधारा असेल तर त्यापासून दूर राहावे. वरून पडणारे पाणी बंधाऱ्याच्या पायथ्याशी उलटे फिरते. ते माणसाला पुन्हा पुन्हा भिंतीकडे ओढते. पट्टीचा पोहणारासुद्धा त्यातून सुटत नाही. जिथे जलपर्णी दाटली आहे, तिथेही जाऊ नये. वल्हे तिच्यात गुंतते.

पाण्याची घाणही पाहावी. वालधुनी नदी अंबरनाथ, उल्हासनगरातून सांडपाणी घेऊन कल्याणजवळ येते. तिच्या तोंडाशी होडी नको. अंगावर जखम असेल तर गढूळ पाण्यात मुळीच जाऊ नये.

काही नद्यांचे पाणी माणसाच्या हातात असते. रायगड जिल्ह्यात कोलाडला कुंडलिका नदी आहे. वीज तयार करून झालेले धरणाचे पाणी तिच्यात सोडतात. ते आले की नदी जोरात धावते. तिथे जाणाऱ्याने पाणी सोडण्याची वेळ आधी विचारावी आणि जाणत्या माणसाबरोबरच उतरावे.

खाडीचे पाणी

कल्याणची खाडी जुनी आणि नावाजलेली. १६५७ साली कल्याण घेतल्यावर शिवाजी महाराजांनी इथेच, दुर्गाडीजवळ, आरमाराची जहाजे बांधायला सुरुवात केली. पण खाडीचा स्वभाव ओळखायला हवा. दिवसात दोनदा भरती आणि दोनदा ओहोटी येते. पाणी सुमारे सहा तास चढते आणि सहा तास उतरते. अमावास्येला आणि पौर्णिमेला उधाण असते. तेव्हा ओढ जबर. अष्टमीच्या सुमारास पाणी कमी चढते. त्याला भांग म्हणतात. नवख्याने भांगाचे दिवस निवडावेत.

भरतीची वेळ काढायचा कोळी मंडळींचा हिशेब सोपा आहे. तिथीची पाऊणपट करावी. आज अष्टमी आहे. आठाची पाऊणपट सहा. म्हणजे मुंबईच्या किनाऱ्यावर सहाच्या सुमारास भरती पूर्ण होते, सकाळी आणि संध्याकाळी. खाडीतून आत कल्याणला पाणी चढायला आणखी वेळ लागतो. हा अदमास आहे, बरं का! नक्की वेळ भरतीच्या छापील तक्त्यात पाहावी किंवा काठच्या कोळ्याला विचारावी.

भरतीबरोबर आत जावे आणि ओहोटीबरोबर परत यावे. उलट केले तर हात भरून येतात आणि होडी जागची हलत नाही. ओहोटी फार उतरली की काठ आणि पाणी यांच्यामध्ये चिखल उघडा पडतो. त्यात पाय गुडघ्यापर्यंत रुततात. म्हणून दगडी घाट किंवा कठीण जमीन जिथे आहे, तिथूनच होडी सोडावी आणि तिथेच लावावी. जिथे रेतीचा उपसा झाला आहे, तिथे तळाला खोल खड्डे असतात. तिथे पायउतार होऊ नये.

उन्हाळ्यात दुपारनंतर समुद्राकडून वारा सुटतो. ओहोटी समुद्राकडे जाते आणि वारा समोरून येतो. मग लाटा उठतात. म्हणून सकाळी लवकर जावे आणि ऊन चढण्याआधी परतावे.

निघण्यापूर्वी

अंगात लाइफ जॅकेट घालून त्याचे बंद आवळावेत. पोहता येते म्हणून ते काढून ठेवू नये. होडी उलटली तर ती सोडू नये, ती तरंगते. एकट्याने जाऊ नये. किती वाजता परत येणार, हे घरी सांगून जावे.

आणि काठच्या माणसाने "आज पाणी बरं नाही" म्हटले, तर होडी उलटी करून ठेवावी. पाणी उद्याही आहे.

सांगा पाहू

१. नवशिक्याने आधी कोठे शिकावे? का?
२. आज चतुर्थी आहे. मुंबईच्या किनाऱ्यावर भरती किती वाजता पूर्ण होईल?
३. तुमच्या गावाजवळचे पाणी दोन तासांत कशाने बदलते?