चर्चसाठी फॉन्ट कसा निवडतात? आणि 'गिल सॅन्स'वर आक्षेप का?

चर्चची पाटी म्हटली की ठरावीक अक्षरं डोळ्यांसमोर येतात. एक तर जुन्या जर्मन बायबलसारखी काळी, टोकदार. नाहीतर दगडात कोरल्यासारखी रोमन कॅपिटल. या दुसऱ्या प्रकारातला 'ट्रेजन' हा फॉन्ट कॅरल ट्वॉम्बली यांनी केला आणि 'अडोबी'ने १९८९ मध्ये आणला. त्याचा आधार रोममधल्या सम्राट ट्रेजनच्या स्तंभावरचा शिलालेख. गंमत म्हणजे ख्रिस्ती असल्याचं सिद्ध झालेल्यांना शिक्षा करा, असं आपल्या अधिकाऱ्याला कळवणारा सम्राट हाच!

चर्च ऑफ इंग्लंडने २००० साली 'कॉमन वर्शिप' हे प्रार्थनापुस्तक काढताना हे दोन्ही मार्ग टाळले. डिझायनर डेरेक बर्डसॉल आणि जॉन मॉर्गन यांनी 'गिल सॅन्स' निवडला. साधा, टोकांना फुलोरा नसलेला. 'पेंग्विन'च्या मुखपृष्ठांपासून रेल्वेच्या पाट्यांपर्यंत ब्रिटिशांच्या रोजच्या नजरेतला.

एकाच फॉन्टमध्ये भागतं?

बऱ्यापैकी. या पुस्तकात धर्मगुरूंनी म्हणायचं ते साध्या अक्षरात, सगळ्यांनी मिळून म्हणायचं ते ठळक अक्षरात आणि उभं राहा, बसा अशा सूचना लाल रंगात आहेत. सूचना लाल शाईत लिहिण्याची पद्धत हस्तलिखितांच्या काळापासूनची. लग्नाला किंवा अंत्यविधीला पहिल्यांदाच चर्चमध्ये आलेल्या माणसालाही आपण कधी बोलायचं हे शेजाऱ्याकडे न बघता कळतं.

दुसरा फॉन्ट घ्यायचाच तर त्याला वेगळं काम हवं. पाटीवरचं नाव दोन सेकंदात वाचलं जातं, उपासनेचा मजकूर तासभर. दोन्ही फॉन्ट जवळपास सारखे असले तर बघणाऱ्याला छपाईची चूक वाटते. म्हणून साध्या फॉन्टबरोबर सहसा फुलोऱ्याचा देतात. 'गिल सॅन्स'सोबत 'पर्पेचुआ' किंवा 'जोआना' शोभतो, कारण तिन्ही एकाच माणसाने रेखाटलेले आहेत.

तो माणूसच अडचणीचा

एरिक गिल हे शिल्पकार, श्रद्धाळू कॅथलिक. लंडनच्या वेस्टमिन्स्टर कॅथीड्रलमधली ख्रिस्ताच्या क्रूसयात्रेची शिल्पं त्यांचीच. १९४० मध्ये ते वारले. १९८९ मध्ये फिओना मॅकार्थी यांनी लिहिलेलं त्यांचं चरित्र आलं आणि गिल यांनी स्वतःच्या मुलींचं लैंगिक शोषण केल्याचं त्यांच्याच डायऱ्यांमधून जगासमोर आलं. 'सेव्ह द चिल्ड्रन' या संस्थेने २०२२ मध्ये 'गिल सॅन्स' सोडायचं ठरवलं.

अक्षरांचा काय दोष, असा युक्तिवाद होतो. रेल्वेच्या पाटीपुरता तो चालेलही. पण चर्चमधल्या बालशोषणाची प्रकरणं जगभर उघड झालेली असताना समोरच्या बाकावर कोण बसलंय हे कुणाला ठाऊक? भिंतीतली शिल्पं किंवा छापून झालेली पुस्तकं बदलणं अवघड आहे. नवी ओळख घडवणाऱ्या चर्चने मात्र आज हाच फॉन्ट घ्यावा असं काही कारण उरत नाही.

मराठी चर्चचं काय?

वसईपासून अहिल्यानगरपर्यंत मराठीत उपासना चालते आणि पाटी अनेकदा दोन लिप्यांत लागते. इथे इंग्रजी फॉन्ट आधी ठरवून मराठी त्याला कसंबसं जुळवलं जातं. उलटं करावं. देवनागरीत कॅपिटल अक्षरं नाहीत, त्यामुळे 'ट्रेजन'ला नेमका जोडीदार मिळत नाही. शिवाय मात्रा वर जातात, उकार खाली, म्हणून दोन ओळींत जागा जास्त लागते.

परीक्षा दोन-तीन शब्दांत होते. 'येशू'मधला श मराठी वळणाचा, देठाचा आहे की हिंदी वळणाचा? 'ख्रिस्त'मधली वेलांटी नीट बसते का? 'चर्च'वरचा रफार लांबून दिसतो का? मराठी वळणासाठीच केलेला 'टायरो देवनागरी मराठी' मोफत मिळतो. मुंबईच्या 'एक टाइप'च्या 'मुक्त'मध्ये देवनागरी आणि रोमन दोन्ही आहेत, जाडीचे पर्यायही भरपूर. म्हणजे साधं-ठळक ही 'कॉमन वर्शिप'ची युक्ती मराठीतही चालते. झेरॉक्समध्ये लाल रंग जातो, व्हॉट्सॲपवर फॉन्ट जातो. ठळक अक्षर दोन्हीकडे टिकतं.

शेवटचा निर्णय संगणकाच्या पडद्यावर घेऊ नये. गीतांचा कागद खऱ्या आकारात छापून संध्याकाळच्या उपासनेला मागच्या बाकावरच्या आजींच्या हातात द्यावा.